पाणी कोणाचे, मासळी कोणाची?

रायगड जिल्ह्याचा इतिहास सांगायचा झाला की आपले इतिहासकार एक तर गडावर चढतात, नाही तर समुद्रावर उतरतात. गडावर राज्याभिषेक असतो आणि समुद्रावर सिद्दी, आंग्रे, पोर्तुगीज यांची आरमारे असतात. गड आणि समुद्र यांच्यामधून ज्या नद्या वाहतात त्यांच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. सावित्री, गांधारी, कुंडलिका, अंबा, पाताळगंगा ही नावे भूगोलाच्या पुस्तकात पाठांतरापुरती येतात. त्यांचे पाणी कोणी प्यायचे, कोणी अडवायचे, त्यातली मासळी कोणी धरायची आणि कोणी खायची, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे कोणाला वाटलेले नाही. हा प्रश्न विचारला की गावगाड्याची सारी रचना उघडी पडते, म्हणूनच तो विचारला गेला नसावा.

या भूमीची ठेवण आधी ध्यानात घेतली पाहिजे. सह्याद्रीची भिंत पूर्वेला उभी आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. डोंगरावरून निघालेले पाणी थोड्याच अंतरात खाडीला मिळते. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याला मिळते. अंबा आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीत उतरतात. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडे पात्र, हे या नद्यांचे जुने रूप. पात्र आटले तरी त्यात जागोजागी डोह राहत. हे डोह म्हणजे माशांचे आणि गरिबांचे उन्हाळ्यातले आश्रयस्थान होते.

या पाण्याचे मासेही त्याच्या चालीने चालणारे. मृगाच्या पहिल्या पावसात ओढे खळाळू लागले की खालचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतात, ओढ्यातून भातखाचरांत शिरतात. याला कोणी वलगण म्हणतात, कोणी चढणीचे मासे म्हणतात. त्या रात्री चुड्या पेटवून, हाती कोयता नाही तर टोपली घेऊन सारे गाव बाहेर पडते. पेण-अलिबागच्या खारेपाटात याच दिवसांत अंड्यांनी भरलेल्या चिवण्या मिळतात. पुढे पाणी ओसरले की ओढ्याला बांध घालून त्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे लावायचे, डोहात पाग टाकायचा, दगडाखालचे मुठे हाताने धरायचे. खाडीत निवट्या, बोयटे, कोळंबी, चिंबोऱ्या, कालवे. खारेपाटातल्या शेततळ्यांत वाढवलेला जिताडा तर या जिल्ह्याची शान समजला जातो.

आता प्रश्न असा की, एवढ्या पाण्यावर आणि एवढ्या मासळीवर हक्क कोणाचा होता?

विटाळाचे गणित

गावगाड्यात वाहत्या पाण्यालाही जात होती. नदीच्या वरच्या अंगाला वरच्यांचा पाणवठा, त्याखाली इतरांचा आणि सर्वांत खाली महार, चांभारांचा. ज्या पाण्यात वरच्यांची धुणी, भांडी आणि गुरे धुतली जात तेच पाणी खालच्यांनी प्यायचे. विहीर आणि तळे तर वाहत नाही, म्हणून तेथे खालचे अंग असूच शकत नव्हते. तेथे सरळ बंदी होती. कोणी दया करून वरून ओतील तेव्हा ओंजळ धरायची.

परंतु याच पाण्यातली मासळी बाटत नव्हती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कातकरणीने ओढ्यातून धरलेले मुठे आणि मासे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी येत, अजूनही येतात, आणि मासे खाणाऱ्या वरच्या जातींच्या घरांत शिजतात. ज्या हाताने मासा पाण्यातून काढला तो हात घागरीला लागला तर घागर बाटते, पण त्याच हाताने धरलेला मासा ताटात चालतो. धर्मशास्त्राच्या पंडितांनी याचे काहीही स्पष्टीकरण दिले तरी व्यवहाराने दिलेले स्पष्टीकरण सरळ आहे. मासळी ही दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू होती. ती स्वस्तात मिळत होती, म्हणून तिला विटाळ नव्हता. पाणी हा हक्काचा विषय होता. सार्वजनिक पाण्याला हात लावणे म्हणजे आपण या गावचे समान रहिवासी आहोत असे म्हणणे, म्हणून तेथे विटाळ होता. श्रम घेताना विटाळ आड येत नाही, हक्क मागताना मात्र तो हमखास आड येतो.

कातकऱ्यांची कथा या गणिताचा दुसरा पुरावा आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी किंवा कातोडी. इंग्रजांच्या राज्यात १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगले झाली, आणि ज्या झाडांवर त्यांचा धंदा उभा होता ती झाडे सरकारची झाली. मग कोळसा पाडणे, लाकूडफाटा विकणे, सावकाराची बिगारी आणि पुढे वीटभट्ट्या. जंगल गेले तेव्हा उरले ते ओढे आणि डोह. त्यांच्यातल्या ढोर कातकरी पोटजातीला गोमांस खातात म्हणून गाव स्पर्शाबाहेर ठेवत असे. म्हणजे आदिवासी म्हणून जंगल गेले आणि शिवाशिवीने पाणवठा गेला. मासेमारी ही त्यांची हौस नव्हती. जमीन नसलेल्या माणसाचे ते उन्हाळ्यातले अन्न होते. आमच्या वस्त्यांनाही हे परके नाही. ज्याच्या नावावर बांध नाही त्याला बांधावरचा मुठा आणि ओढ्यातला मासा हाच कोरड्यास, आणि पावसाळ्याच्या बेगमीला सुकट आणि जवळा. ज्यांनी आमच्या ताटातल्या सुकटीच्या वासाला नाके मुरडली त्यांनी ती सुकट तेथे का आली हे कधी विचारले नाही.

१९२७ साल

या जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, पाण्याच्या इतिहासात १९२७ साल दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. पैकी एक कारण सर्वांना माहीत आहे, दुसरे फारसे कोणी सांगत नाही. दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्या सालाचा अर्थ लागत नाही.

पहिले कारण चवदार तळे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशा कार्यकर्त्यांनी ती उभी केली होती. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ज्या तळ्यात गुरे उतरत होती, मासे आणि बेडूक जन्मत आणि मरत होते, ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले!

डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आले ते पाण्याच्या वाटेने. मुंबईहून 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वर आणि तेथून दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदर. दासगावाहून प्रतिनिधी पायी महाडला गेले. नदीने सत्याग्रहींना वाट दिली. तळ्याची वाट मात्र दिवाणी न्यायालयाच्या मनाई हुकमाने अडवली होती. परिषदेला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मरणार नाही. इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आम्हाला तळ्यावर जायचे आहे. पुढे दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा त्याचा आशय होता.

दुसरे कारण भिऱ्याचे वीजघर. तेही १९२७ सालचेच आणि याच जिल्ह्यातले. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावरचे पूर्ववाहिनी पाणी अडवून ते पश्चिमेला कोकणात सोडायला सुरुवात केली होती. लोणावळ्याकडच्या तलावांवर १९१५ साली खोपोलीचे वीजघर चालू झाले, १९२२ साली भिवपुरीचे, आणि मुळशीच्या धरणावर १९२७ साली भिऱ्याचे. जे पाणी भीमा, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे ते बोगद्यांतून आणि नळांतून काही शे मीटर खाली कोसळू लागले आणि त्या वेगावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत आणि भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत पडू लागले.

मुळशीसाठी पन्नासेक गावे बुडाली. १६ एप्रिल १९२१ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला, त्यांची निष्ठा वादातीत आहे. पण त्या लढ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मावळातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणाऱ्या मावळ्याला गाव हवे होते, सावकाराला भाव हवा होता. सावकारांनी मोबदल्याची तडजोड केली आणि लढ्याचा कणा मोडला. ज्याच्या नावावर जमीन त्याला मोबदला, ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला काहीच नाही. गावकुसाबाहेरचा बलुतेदार आणि डोंगरातला कातकरी यांचे जे बुडाले, डोह, ओढा, जळण, मासळी, त्याची किंमत करणारा रकाना सरकारी कागदात नव्हता.

ही दोन चित्रे शेजारी ठेवा. एका बाजूला शेकडो मैल वाहणाऱ्या नदीची दिशा बदलण्याचे सामर्थ्य आहे. शास्त्र तेथे पाण्याला आडकाठी करत नाही, भांडवल पाण्याला कोठेही नेऊ शकते. दुसऱ्या बाजूला त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षी, करदात्यांच्या तळ्यातून एक ओंजळ उचलायला परिषद भरवावी लागते आणि डोकी फोडून घ्यावी लागतात. शिवाय मुंबईत या विजेवर जे माग फिरत होते त्या मागांवर अस्पृश्य कामगाराला बसू देत नव्हते, कारण तुटलेला धागा सांधताना तो तोंडात धरावा लागे आणि धागा बाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी चव्हाट्यावर मांडली. डोंगरातले पाणी आधुनिक झाले, यंत्र आधुनिक झाले. माणसाचा स्पर्श मात्र मनूच्या काळातच राहिला. आपल्याकडच्या आधुनिकतेचे यापेक्षा नेमके वर्णन कोणते असेल?

म्हणून आमचा विरोध धरणाला आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात दामोदर खोऱ्याची योजना आणि १९४५ सालचा केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग यांच्या उभारणीत बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. नदीला राज्याच्या योजनेत आणून पूर, दुष्काळ आणि दारिद्र्य हटवावे हा त्यांचा विचार होता. प्रश्न धरण बांधावे की नाही एवढाच नाही. पाणी अडवल्यावर ते कोणाच्या मालकीचे होते आणि वाटा कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

खारेपाटाचा धडा

खाडीकाठच्या खारजमिनीचा लढाही याच प्रश्नाचा एक भाग होय. समुद्राच्या भरतीला बांध घालून आगरी कुळांनी भातशेती उभी केली, आणि पीक खोत, सावकारांच्या कोठारात गेले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि काही वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. १९३४ च्या डिसेंबरात बाबासाहेब चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. संपाच्या काळात शेती पडीक होती तेव्हा कुळांनी जंगलातला लाकूडफाटा विकून आणि खाडीची मासळी धरून दिवस काढले. संपाला जेवढे बळ संघटनेने दिले तेवढेच खाडीने दिले, कारण खाडीवर खोताचे नाव चढलेले नव्हते. सर्वांची म्हणून राहिलेली नैसर्गिक संपत्ती ही गरिबाच्या लढ्याची शिदोरी असते. ती हिरावली की त्याची लढण्याची ताकदच जाते.

विष कोणाचे आणि गुन्हा कोणाचा

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे गुन्हा ठरवले होते. डोहात रानातली फळे, साली ठेचून मासे गुंगवणारा आदिवासी त्यामुळे गुन्हेगार झाला. मासळीचे बी टिकावे म्हणून कायदा असायला हरकत नाही. पण पुढे रोह्याजवळ धाटावला आणि महाडला औद्योगिक वसाहती आल्या, रासायनिक कारखाने आले, आणि त्यांचे सांडपाणी कुंडलिकेत आणि सावित्रीत गेले. महाराष्ट्राने १९६९ साली आणि केंद्राने १९७४ साली जलप्रदूषणाविरुद्ध कायदे केले. तरीही खाडीत मेलेली मासळी वर तरंगल्याच्या बातम्या या नद्यांच्या काठाने वर्षानुवर्षे येत राहिल्या. मूठभर साल ठेचणाऱ्याला कायदा ओळखतो. नळाने विष सोडणाऱ्याचे मोजमाप करायला समित्या बसतात. खाडीवर पोट असलेले भोई, कोळी आणि ओढ्यावर पोट असलेले कातकरी हे या विषाचे पहिले बळी. महाडला माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले असे म्हणणारा समाज त्याच महाडच्या नदीत रसायने उतरली तेव्हा पंचगव्याच्या घागरी घेऊन आला नाही, हे इतिहासाने नोंदवून ठेवावे.

धरणेही वाढली. पेण तालुक्यात हेटवणे झाले, खालापूर तालुक्यात मोरबे झाले. मोरब्याचे पाणी नवी मुंबईला, हेटवण्याच्या पाण्याचा मोठा वाटा सिडकोच्या नगरांना. आणि त्याच पेणच्या खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहत आल्या आहेत. भिऱ्याच्या पाण्याने कुंडलिका बारमाही झाली आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यातून रोहा, माणगावला दुसरे भाताचे पीक आले हे खरे. पण पाणी आता शेतातून जाते, आणि शेत ज्याच्या नावावर पाणी त्याच्या नावावर. जलाशयांत रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे सोडले जातात आणि मासेमारीचा ठेका सोसायटीला, नाही तर ठेकेदाराला मिळतो. ज्याचा डोह धरणाखाली गेला त्याने आता आपल्याच पाण्यात गळ टाकला तर तो चोर ठरतो. चढणीचा मासा भिंतीशी येऊन थांबतो, आणि त्याच्यामागे जाणारा माणूसही.

असे असले तरी हक्काच्या वाटा पूर्ण बंद नाहीत. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या भरावाविरुद्ध दावा केला. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. कागदावर जमीन नसली तरी मासेमारी ही उपजीविका आहे आणि ती हिरावल्याची किंमत द्यावी लागते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मुळशीच्या वेळी जो रकाना नव्हता तो आता कागदावर आला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात तर जंगलातल्या पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. पण वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांच्या गर्दीत या हक्काचे दावे फार थोड्यांनी केले. वाडीवरचा कार्यकर्ता सात-बारा मागतो, डोह मागत नाही, कारण डोह मागता येतो हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

हे सांगणे शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे. दरवर्षी २० मार्चला महाडला लाखोंनी माणसे जातात, तळ्याला वंदन करतात. ते वंदन रास्तच आहे. पण चवदार तळे म्हणजे केवळ स्मारक नव्हे. सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे या सिद्धांताची ती पहिली नोंद आहे. तो सिद्धांत तळ्याच्या पायऱ्यांवर थांबवला तर आपण बाबासाहेबांना महाडच्या वेशीत कोंडून ठेवल्यासारखे होईल. तळ्यापासून सावित्री दूर नाही. सावित्रीच्या विषाचा प्रश्न, हेटवण्याच्या वाट्याचा प्रश्न, कातकऱ्याच्या डोहाचा प्रश्न, हे सारे चवदार तळ्याचेच पुढचे प्रश्न आहेत.

एक गोष्ट मात्र आपणही स्वतःला विचारली पाहिजे. तळ्याच्या लढ्यातून आपल्याला नळ मिळाला, काहींना फ्लॅटमधली टाकी मिळाली. ज्या पाण्यावर ती टाकी भरते ते कोणाच्या डोहावरून आले, हे विचारायला आपण विसरलो तर उद्या वरच्या अंगाचा पाणवठा आपला होईल आणि खालच्या अंगाला कातकरी उभा असेल. पाणवठ्यांची ही उतरंड मोडण्यासाठी महाड घडले होते. उतरंडीवर एक पायरी वर चढण्यासाठी ते घडले नव्हते.